कुलूपबंद मागांची हजेरी

निवृत्त झाले त्या दिवशी ऑफिसनं मला शाल, नारळ आणि काचेचं एक स्मृतिचिन्ह दिलं. त्यावर सोनेरी अक्षरांत लिहिलंय, 'अचूक आकडेवारीच्या प्रदीर्घ सेवेबद्दल'. दोन दिवस ते फ्रीजवर होतं. तिसऱ्या दिवशी मी ते उचलून माळ्यावर टाकलं. आमचे हे म्हणाले, "राहू दे ना वं, पाहुणे पाहतात." मी म्हटलं, "म्हणूनच टाकून राहिली."

या अंकाच्या संपादकांनी फोनवर सांगितलं, "मॅडम, दिवाळीचा अंक आहे, आकड्यांच्या दुनियेतल्या जरा गमतीजमती लिहा." गमती आहेत, सांगते. पण माझा स्वभाव तापट आहे, आणि या विषयावर लिहायला बसले की तो आणखी तापतो. तेवढं वाचकांनी चालवून घ्यावं.

मी अन्वेषक होते. हा शब्द ऐकून लोकांना वाटायचं, बाई सीआयडीत आहे. तसलं काही नाही. नागपुरातल्या एका सरकारी सांख्यिकी कार्यालयात मी दर महिन्याला फॉर्म भरून आणायचे. कोणतं कार्यालय ते लिहीत नाही, तिथली माणसं अजून नोकरीत आहेत. माझ्याकडे कामठीचे यंत्रमाग होते. आमच्या यादीत निवडलेल्या शेड होत्या. प्रत्येक शेडमध्ये जायचं आणि तीन गोष्टी विचारायच्या: या महिन्यात किती माग चालले, किती मीटर कापड निघालं, किती माणसं कामावर होती. या तीन रकान्यांवरून जिल्ह्याचा विणकामाचा निर्देशांक बनायचा, म्हणजे धंदा चढतोय की उतरतोय हे सांगणारा एक आकडा. आणि त्या आकड्यावरून पुढच्या सहा महिन्यांचं भाकीत.

यंत्रमागाच्या शेडमध्ये पहिल्यांदा गेले तेव्हा मला वाटलं, कोणी माझ्या डोक्यावर पत्रा बडवतंय. चोवीस माग एकदम चालू. बापूरावजी म्हणून मालक होते, त्यांना मी प्रश्न विचारला, त्यांचे ओठ हलले, मला अक्षर ऐकू आलं नाही. तेव्हा कोपऱ्यात कांड्या भरत बसलेली एक बाई उठली, माझा दंड धरला आणि मला दाराबाहेर ओढून ओरडली, "इथं बोलाचं नाई बाई, ओरडाचं!" ती कुसुम. आडव्या धाग्याचं सूत ज्या नळीवर गुंडाळतात तिला कांडी म्हणतात, आणि कुसुम लग्न होऊन आली तेव्हापासून कांड्याच भरत होती. शेडबाहेर, रस्त्यावर, दवाखान्यात, कुठंही ती तशीच ओरडून बोलायची. मागावरच्या सगळ्याच माणसांची ही खोड असते. कान अर्धे गेलेले असतात आणि समोरच्याचे ओठ वाचायची सवय लागलेली असते. मी तोंडावर रुमाल धरला की कुसुम चिडायची. "तोंड झाकू नोका, मले ऐकू येत नाई!"

बापूरावजी तर नगच होते. दर महिन्याला एकच आकडा सांगायचे. मी म्हणायचे, "अहो, मागच्या महिन्यात आठ दिवस लाइट नव्हती, तरी तितकेच मीटर?" ते म्हणायचे, "माग तेच, मानसं तेच, कपडा तोच. मंग आकडा काहून बदलन?" मग मी स्वतः तागे मोजायचे, कुसुम मोजून द्यायची, आणि आकडा वेगळाच निघायचा. बापूरावजी हसायचे. "तुमी भल्ल्या खटपट्या हा." मला ते ऐकून बरं वाटायचं. सगळ्या ऑफिसात तागे मोजणारी मी एकटी, असा माझा गर्व होता, आणि तो तेव्हा खराही होता.

आता धंद्यातली एक घाण गोष्ट सांगते. आमच्याकडे रिकामा रकाना चालत नाही. मालक गावाला गेला, शेड बंद होती, कोणी फोन उचलला नाही, तरी महिनाअखेर वर आकडा गेलाच पाहिजे. मग काय करायचं? मागच्या महिन्याचा आकडा घ्यायचा आणि जिल्ह्यातल्या बाकीच्या शेड सरासरी जेवढ्या वाढल्या तेवढा तो वाढवायचा, घटल्या तेवढा घटवायचा. आम्ही याला 'पुढे ओढणं' म्हणायचो. एखाद्या महिन्यापुरती ही पद्धत जगभर मान्य आहे, त्यात पाप नाही. सोबत शेरा मारायचा असतो की हा आकडा अंदाजाचा आहे. पण शेरा मारला की वरून पत्र यायचं: कारण द्या, पुन्हा भेट द्या, अहवाल पाठवा. आणि खरा आकडा एकदम खाली गेला तरी पत्र यायचं, कारण संगणक मोठी उडी दिसली की फॉर्म परत टाकायचा. म्हणजे खरं लिहिलं तर चौकशी, आणि गोडगोड लिहिलं तर सगळे खूश. हे ज्यांनी बसवलं त्यांना मी आजही मनापासून शिव्या देते.

आधी मागांच्या कामावर आम्ही चार जण होतो. एक निवृत्त झाला, एकाची बदली झाली, एक जण वारला, आणि त्या जागा भरल्याच नाहीत. चौघांच्या शेड माझ्या एकटीच्या गळ्यात आल्या. प्रवासभत्त्याची फाइल महिनोनमहिने पडून. माझे गुडघे कुरकुरायला लागले होते. मग मी फोनवर आकडे घ्यायला लागले, आणि जे फोन उचलायचे नाहीत त्यांचे पुढे ओढायला लागले. शेरा न मारता. आकडा फार गुळगुळीत दिसू नये म्हणून शेवटी एखादा विषम अंक टाकायचे. दिवाळीचा महिना थोडा फुगवायचा, मे महिना थोडा उतरवायचा. माझा हात इतका बसला की माझ्या फॉर्मवर चौकशीपत्र यायचंच बंद झालं. बाकीच्यांच्या टेबलावर पत्रांचे ढीग, आणि माझं, म्हणजे झाडे मॅडमचं, टेबल स्वच्छ. साहेब मीटिंगमध्ये माझं उदाहरण द्यायचे.

मग आमच्याकडे मोठा डेटा आला.

पुण्याहून ऋचा नावाची एक मुलगी कंत्राटावर आली. तिशीची, संख्याशास्त्रात डॉक्टरेट केलेली, बोलणं नीटनेटकं. मला पहिल्या दिवसापासून तिचा राग आला. कारण तिनं माझी वही बाजूला सारली. त्या वहीत मी वर्षानुवर्षं लिहून ठेवलं होतं की कोणत्या वर्षी दिवाळी ऑक्टोबरात आली आणि कोणत्या वर्षी नोव्हेंबरात, त्यानं मागांचा आकडा कसा सरकला. इंग्रजी महिन्यांवर हिशेब करणाऱ्या यंत्राला दिवाळी कशी कळणार? आठ दिवसांनी ऋचाच माझ्याकडे आली. "मॅम, ती वही द्याल का? माझं मॉडेल दर तिसऱ्या वर्षी वेड्यासारखं करतंय." मी वही दिली, पण आधी दोन दिवस शोधायचं सोंग केलं.

तिचं काम काय होतं ते मी सोपं करून सांगते, कारण मलाही तिनं सोपं करूनच सांगितलं होतं. आमच्या एकेका शेडच्या आकड्यांबरोबर तिनं विजेचा वापर आणला, डिझेलची विक्री आणली, ट्रकांच्या फेऱ्या, मोबाइलचे रिचार्ज, औषधांची विक्री, असे मिळून चारशे रकाने केले. महिने मात्र साठच. आता साठ महिन्यांची चाल चारशे रकान्यांतून जुळवायला बसलं तर काहीही जुळतं. माझ्या शेजारणीच्या दोरीवर किती लुगडी वाळतात त्यावरूनही निर्देशांक काढता येईल, साठच्या साठ महिने बरोबर येतील आणि एकसष्टाव्या महिन्याला तोंडावर पडाल. म्हणून यंत्राला सगळ्या रकान्यांवर सारखा विश्वास ठेवू देत नाहीत. सगळ्यांच्या मागे जी एक सामाईक चाल आहे ती ते शोधतं, आणि जो रकाना त्या चालीला धरून चालतो त्याला जास्त वजन देतं.

ऋचा म्हणाली, "वरात समजा मॅम. चारशे माणसं आहेत, बँड आपल्याला ऐकू येत नाही. पण पायांवरून ताल कळतो. जो तालात चालतोय त्याच्याकडे बघायचं, जो भलतीकडे पाय टाकतोय त्याला सोडून द्यायचं."

"आणि तो भलतीकडे का पाय टाकतोय हे कोण विचारणार?" मी म्हटलं. ती हसली. तेव्हा मला माझ्याच प्रश्नाचा अर्थ कळला नव्हता, मी नुसता खवचटपणा करत होते.

गंमत पाहिजे होती ना संपादकांना? ही घ्या. एका पावसाळ्यात यंत्रानं सांगितलं, सेवा क्षेत्र जोरात आहे. ऑफिसच्या तिमाही पत्रिकेत साहेबांनी 'उत्साह' हा शब्द वापरला. मी ऋचाला विचारलं, हे कशावरून? ती म्हणाली, औषधांची विक्री आणि धंतोलीतली ऑटोंची ये-जा, दोन्ही एकदम वर. अगं बाई! धंतोलीत त्या वेळी दवाखान्यांच्या पायऱ्यांवर माणसं सलाइनची बाटली हातात धरून बसली होती. घरोघर ताप. माझा भाचा तिथं तीन दिवस जमिनीवर गादी टाकून पडला होता. सगळा विदर्भ तापानं फणफणून राहिला आणि आमच्या पत्रिकेत उत्साह! मी साहेबांच्या केबिनमध्ये जाऊन जे काही बोलले ते छापण्यासारखं नाही. ऋचानं मात्र तो रकाना त्याच दिवशी काढला आणि मला म्हणाली, "मॅम, तुम्ही जे पाहता ते मला सांगत जा." तेव्हापासून माझा तिच्यावरचा राग कमी झाला. पोरगी खरी होती.

आणि मी तिला जे पाहिलंच नव्हतं ते दर महिन्याला देत होते.

माझ्या निवृत्तीला सहा महिने उरले होते. एका सकाळी ऑफिसच्या दारातून ओरडण्याचा आवाज आला. शिपाई कोणालातरी अडवत होता. मी आवाजावरूनच ओळखलं. कुसुम. पदर घामानं भिजलेला, हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत घातलेला अर्ज. मी तिला आत घेतलं, पाणी दिलं.

"बाई, तुमच्या हापिसानं आमचा क्लास खाल्ला!" ती म्हणाली, आणि सगळ्या टेबलांनी माना वळवल्या.

गोष्ट अशी होती. ज्या भागात एखादा धंदा बसत चाललाय तिथल्या कामगारांसाठी सरकारची एक शिकवणी होती, रुग्णांची देखभाल करायची. सहा महिने शिकायचं आणि धंतोलीतल्या दवाखान्यांत नोकरी. कुसुमनं अंथरुणाला खिळलेल्या सासूचं तीन वर्षं सगळं केलं होतं, कूस बदलण्यापासून नळी लावण्यापर्यंत. तिला ते काम येत होतं. नुसता कागद हवा होता. वयाची अट चाळीस, आणि ती एकोणचाळीस पूर्ण करून पुढे सरकली होती. पण कामठीला ती शिकवणी मिळणारच नव्हती, कारण धंदा बसत चाललाय की नाही हे आमच्या भाकितावरून ठरायचं. आणि आमचं भाकीत सांगत होतं, कामठीच्या मागांना पुढचे सहा महिने तेजी आहे.

"तेजी म्हणे!" कुसुम ओरडली. "शेडले कुलूप लागून चौदा महिने झाले बाई. माग भंगारात गेले. बापूरावजी पोराकडं सुरतेले गेले. आमच्या गल्लीतल्या चार शेडी बंद झाल्या. कोन सांगते तेजी? त्याले मले भेटवा!"

बापूरावजींच्या शेडचा मागच्या महिन्याचा आकडा मी चार दिवसांपूर्वीच भरला होता. चोवीस माग, सगळे चालू.

"पाहते," एवढंच मी म्हटलं. तिनं माझे ओठ वाचले. "पाहाच," ती म्हणाली, "मले दुसरं काई नाई पायजे. तुमी येऊन पाहा फक्त."

दुसऱ्या दिवशी मी बस धरून कामठीला गेले. दाराला कुलूप, कुलपाला गंज. फटीतून पाहिलं. आत जमिनीवर जिथं माग रोवलेले होते तिथं चोवीस चौकोनी डाग, आणि सगळीकडे पारव्यांची घाण. इतकी शांतता मी त्या गल्लीत कधी ऐकली नव्हती. त्या दिवशी मी माझ्या यादीतल्या, फोन न उचलणाऱ्या नऊ शेड आणखी पायी फिरून पाहिल्या. सगळ्या बंद. एकीत पाण्याच्या कॅनचा धंदा चालू होता. बाकीच्यांत काहीच नाही.

आता यातला बारकावा समजून घ्या, कारण माझा सगळा जळफळाट त्यातच आहे. शेड बंद पडल्या तेव्हा त्यांचं काम उरलेल्या शेडकडे गेलं. म्हणून उरलेल्या शेड वाढत होत्या. फोन उचलत होत्या त्याही त्याच. मी बंद शेडचे आकडे त्या चालू शेडच्या सरासरीनं पुढे ओढत होते. म्हणजे जितक्या जास्त शेड मेल्या, तितके माझ्या फॉर्मवरचे मेलेले माग जोरात धावत होते.

संध्याकाळी परत ऑफिसात आले. ऋचा निघतच होती. मी म्हटलं, "तुझं यंत्र सगळ्यात जास्त विश्वास कोणावर ठेवतं, ती यादी दाखव." तिनं कौतुकानं कागद काढून दिला. चारशे रकान्यांतले वरचे दहा. दहाच्या दहा माझे, पुढे ओढलेले. बापूरावजींची शेड पहिल्या क्रमांकावर.

"बघा ना मॅम," ती म्हणाली, "विजेपेक्षा, डिझेलपेक्षा तुमच्या शेड वरचढ. इतकी स्वच्छ मालिका मी कुठंच पाहिली नाही. अगदी तालात."

तालात असणारच! मीच बँड वाजवत होते आणि मीच नाचत होते. सरासरीवरून बनवलेला आकडा सरासरीशी जुळणार नाही तर काय होणार? ती शेवटचं वर्ष झाकून यंत्राची परीक्षा घ्यायची, भाकीत बरोबर आलं का पाहायची. बरोबर यायचंच. ज्या निर्देशांकाशी ती ताडून पाहायची त्यातही माझेच आकडे होते. प्रश्नपत्रिका माझी, उत्तरपत्रिका माझी, आणि ती बिचारी शंभरपैकी अठ्ठ्याण्णव देत होती. मी विचारलं, कामठीच्या मागांच्या विजेचा रकाना कुठं आहे? तिनं शोधला. पार तळाशी. "तो बिघडलाय मॅम, वर्षभर नुसता खाली चाललाय, कोणाशी जुळत नाही." जो एकटा खरं बोलत होता त्याला वरातीतून हाकललं होतं.

मी तेव्हाच सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. चार दिवस मी घरी बीपी वाढल्याचं कारण सांगून पडून राहिले. खरी गोष्ट, भीती. पेन्शन, चौकशी, लोक काय म्हणतील. ह्यांनी दोनदा विचारलं, "काय झालं वं?" मी त्यांच्यावरच खेकसले. पाचव्या दिवशी गेले आणि ऋचाच्या समोर खुर्ची ओढून बसले.

"त्या दहा शेड माझ्या आहेत."

"हो मॅम, म्हणूनच तर..."

"तसं नाही. माझ्या म्हणजे माझ्या डोक्यातल्या. तिथं माग नाहीत. चौदा महिने मी घरबसल्या आकडे लिहिले."

तिचे डोळे भरले, मला वाटलं रडते, पण ती चिडली होती. "मी दोन वर्षं यावर काम केलं मॅम. मी सगळ्यांवर शंका घेतली. विजेवर घेतली, डिझेलवर घेतली. तुमच्यावर नाही घेतली." कोणी थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं. मग तिनं माझे दहा रकाने काढले, निर्देशांक नव्यानं बांधला आणि यंत्र पुन्हा चालवलं. पडद्यावरची रेघ सरळ खाली उतरली. विजेचा रकाना तळातून उठून वर आला. कामठीत तेजी नव्हती. कधीच नव्हती.

आम्ही दोघी साहेबांकडे गेलो. सोनटक्के साहेब वाईट माणूस नव्हते, असं सगळे म्हणतात. मी म्हणत नाही. त्यांनी नीट ऐकून घेतलं, चहा मागवला आणि म्हणाले, "पत्रिका छापून गेली मॅडम. आता मागे घेतली तर प्रश्न विचारतील. पुढच्या तिमाहीत हळूहळू दुरुस्त करून घेऊ."

"हळूहळू? साहेब, तिथं बायकांची वयं निघून चाललीत!"

"छोडो ना मॅडम. तुमचे पाच-सहा महिने राहिले. चौकशी लागली तर पेन्शन अडकेल. मी तुमच्यासाठीच सांगतोय." आणि हसले. त्या हसण्यानं माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी ताडकन उठले, म्हटलं, मी लेखी देते.

आणि दिलं. इथपर्यंत वाचून कोणाला माझं कौतुक वाटलं असेल तर थांबा. त्या टिपणात मी काय लिहिलं? 'काही घटकांची माहिती अनुमानित स्वरूपाची असण्याची शक्यता नाकारता येत नाही, तरी पुनर्तपासणी व्हावी.' बस. पस्तीस वर्षं सरकारी भाषा लिहिलेल्या हातातून तेच उतरलं. कोणाची माहिती, कोणी अनुमान केलं, शेडला कुलूप आहे, चौदा महिने आहे, काही नाही. साहेबांनी त्यावर 'पाहिले' लिहून सही केली आणि फाइलमध्ये लावलं. एवढ्या मोघम कागदावर दुसरं काही होणारही नव्हतं, आणि हे मला लिहितानाच माहीत होतं. ऋचानं स्वतःचं वेगळं टिपण दिलं, त्यात सगळं स्पष्ट होतं, माझं नाव सोडून. माझं नाव तिनं माझ्यासाठी वगळलं होतं. तिचं कंत्राट पुढे वाढवलं नाही. कारण दिलं, निधी नाही.

पुढच्या तिमाहीत आकडे 'हळूहळू' दुरुस्त झाले. कामठीला शिकवणी मिळाली. कुसुम फॉर्म घ्यायला गेली तेव्हा तिला चाळीस पूर्ण होऊन एकोणीस दिवस झाले होते. मला हे तेव्हा कळलं नाही. मी तेव्हा शाल घेत होते.

आम्ही नागपूरच्या टोकाला, बेसाला राहतो. इथं दर महिन्याला नवी इमारत उभी राहते आणि प्रत्येक इमारतीत धुणीभांडी करायला बायका लांबून येतात. गेल्या वर्षी आमच्या लिफ्टमधून एक ओळखीचा आवाज आला, सात मजले ऐकू जाईल असा. मी दार उघडलं. कुसुम. वरच्या मजल्यावर दोन घरची कामं धरली होती. कामठीहून सकाळी ऑटो, मग बस, मग पुन्हा ऑटो.

मी तिला घरात बोलावलं, चहा ठेवला आणि तिच्यासमोर बसून, तोंड न झाकता, सगळं सांगितलं. हळू बोलून उपयोग नव्हता, तिला ऐकू यायला नको का? म्हणून मी ओरडून सांगितलं. "ते आकडे मी लिहिले कुसुम! मी आलेच नाही तिथं! तुझी शेड चालू आहे असं मीच लिहिलं!" आतल्या खोलीतून हे बाहेर आले आणि दारातच थांबले.

ती माझ्या ओठांकडे पाहत राहिली. मला वाटलं, शिव्या देईल. मला त्या हव्या होत्या.

"मंजे," ती म्हणाली, आणि पहिल्यांदाच मी तिचा आवाज लहान झालेला ऐकला, "तुमच्या कागदावर मी चौदा महिने कामाले जाऊन राहिली होती?"

"हो."

"रोज?"

"रोज."

"अन मी घरी बसून रडून राहिली होती का मले कोनी कामाले बोलवत नाई." ती उठली, कप विसळून पालथा घातला. दारात वळून म्हणाली, "बाई, मी हजर हाय असं लिवाच्या आधी मले एकदा विचाराचं होतं ना वं."

ती अजून वर कामाला येते. लिफ्टमध्ये भेटली तर बोलते, मोठ्यानं, पण पावसापाण्याचं. धंतोलीचं नाव काढत नाही.

संपादकांनी दोनदा विचारलं, लेखाच्या शेवटी काही सकारात्मक जमेल का? नाही जमणार. मला एकच गोष्ट लिहायची आहे, जी त्या टिपणात लिहायची राहिली, आणि ती ऑफिसच्या भाषेत नाही लिहायची. कामठीच्या बंद शेडमध्ये चौदा महिने एकही माग चालला नाही. कुसुम त्यातल्या एकाही दिवशी कामावर नव्हती. तिची हजेरी मी लावली, न विचारता.